पदकांची वाट : गिरणगावातून जिल्ह्यांकडे



पॅरिस येथे १ ऑगस्ट २०२४ रोजी स्वप्नील कुसाळे याने ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात ४५१.४ गुण मिळवून कांस्यपदक पटकाविले. त्या दिवशी महाराष्ट्रात जो आकडा सर्वांच्या तोंडी झाला तो मात्र बहात्तर हा होता. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीच्या बँटमवेट गटात कांस्यपदक जिंकले होते आणि स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक ठरले होते. महाराष्ट्राच्या खेळाडूला दुसरे वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळावयास त्यानंतर बहात्तर वर्षे लागली.

या दीर्घ काळात राज्यात पदके आलीच नाहीत, असा कोणी अर्थ काढील तर तो चुकेल. आशियाई स्पर्धा, राष्ट्रकुल स्पर्धा, जागतिक अजिंक्यपदे, बुद्धिबळाची ऑलिंपियाड या सर्वांत मराठी खेळाडूंची नावे आहेत. परंतु ही पदके सारख्या वेगाने आलेली नाहीत. कधी ती एका खेळात एकदम आली, कधी तो झरा आटला आणि भलत्याच ठिकाणी दुसरा फुटला. हा ओघ कसा वाहिला हे समजून घ्यावयाचे तर गिरगावापासून दादरपर्यंतचा, मध्ये परळ-लालबाग असलेला, मुंबईचा आठ-नऊ किलोमीटरांचा पट्टा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. एके काळी या पट्ट्याने देशाला खेळाडू पुरविले. पुढे त्याची मैदाने आक्रसत गेली, आणि तरीही पॅरिसच्या त्या पदकाचा एक धागा दादरच्याच एका महाविद्यालयापर्यंत जाऊन पोहोचतो.

प्रथम एका परक्या देशाचा दाखला घेऊ. २०२२ च्या जनगणनेनुसार सर्बियाची लोकसंख्या सुमारे ६६ लाख आहे. म्हणजे २०११ च्या जनगणनेतील एकट्या मुंबई महानगराच्या जवळजवळ निम्मी. स्वतंत्र देश म्हणून सर्बियाचा संघ २००८ साली बीजिंग ऑलिंपिकमध्ये उतरला आणि त्याला तीन पदके मिळाली. पुढे लंडनला चार, रिओला आठ, टोकियोला नऊ आणि पॅरिसला पाच. पॅरिसमध्ये एकूण संख्या घटली खरी, तथापि सुवर्णपदके टोकियोइतकीच, म्हणजे तीन होती. त्यांपैकी एक टेनिसपटू नोव्हाक जोकोविचचे, एक नेमबाजीतील मिश्र जोडीचे आणि एक वॉटरपोलोच्या पुरुष संघाचे. या वॉटरपोलो संघाने रिओ, टोकियो व पॅरिस अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके ओळीने जिंकली आहेत.

हे कशामुळे घडते? देश श्रीमंत म्हणावा तर पश्चिम युरोपच्या मानाने तो नाही. मात्र तेथील क्रीडामंडळांची परंपरा मजबूत आहे. बेलग्रेडमधील रेड स्टार आणि पार्टिझान ही दोन मंडळे १९४५ साली स्थापन झाली. फुटबॉल, बास्केटबॉल, वॉटरपोलो, ॲथलेटिक्स असे अनेक खेळ एकाच नावाखाली, एकाच निशाणाखाली तेथे चालतात. मुलगा मंडळाचा होतो आणि खेळ त्याला तेथे सापडतो. लालबाग-परळच्या माणसाला ही रचना मुळीच नवी वाटणार नाही. त्याच्या मंडळाच्या नावानेच गणेशोत्सव होई, व्यायामशाळा चाले, वाचनालय उघडे राही आणि कबड्डीचा संघही त्याच नावाने मैदानात उतरे. फरक इतकाच, की बेलग्रेडचे वॉटरपोलो ऑलिंपिकमध्ये आहे आणि लालबागची कबड्डी तेथे नाही. पदकांचे कोष्टक वाचताना ही गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही.

आता आरंभाकडे वळू. मराठी पदकांचा पहिला ओघ तालमीतून आला. खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले होते. हेलसिंकीला जाण्यासाठी पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. पदक घेऊन परतल्यावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मिरवणूक संपल्यावर पदकविजेत्याने कुस्त्या लढवून ते ऋण फेडले. १९५५ साली त्यांना पोलीस खात्यात उपनिरीक्षकाची जागा मिळाली. १९८४ साली अपघातात त्यांचे निधन झाले आणि अर्जुन पुरस्कार मरणोत्तर, २००० साली आला. हेलसिंकीतील विजयाचा खर्च एका शिक्षकाच्या घरावर पडला होता, ही गोष्ट शिक्षकवर्गाने अभिमानाने सांगावी. शासनयंत्रणेत काम करणाऱ्यांनी मात्र ती थोड्या संकोचानेच ऐकावी.

त्याच परंपरेतील गणपत आंदळकर आणि मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत प्रत्येकी एक सुवर्ण व एक रौप्य मिळविले. १९७४ साली ख्राइस्टचर्च येथील राष्ट्रकुल स्पर्धेत दादू चौगुले यांनी रौप्यपदक आणले. त्यानंतर हा ओघ मंदावला. जगातील कुस्ती मॅटवर गेली होती. आपली कुस्ती मातीवर, जत्रेच्या फडात आणि ‘महाराष्ट्र केसरी’च्या गदेभोवती रमली. मातीचे प्रेम वाईट नव्हे, पण आंतरराष्ट्रीय पंच गुण देतो तो मॅटवरच्या कुस्तीला. मुंबईच्या नरसिंग यादवने २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत आणि बीडच्या राहुल आवारेने २०१८ साली गोल्ड कोस्ट येथे सुवर्णपदक जिंकले तेव्हा हा खंड भरून निघू लागला.

याच काळातील एक पदक मात्र कोणत्याही परंपरेत बसत नाही. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून अपंगत्व आलेले जवान मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथील पॅरालिंपिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्याच्या शर्यतीत ३७.३३ सेकंदांचा जागतिक विक्रम करून सुवर्ण जिंकले. भारताचे ते पहिले पॅरालिंपिक सुवर्ण. त्यांना पद्मश्री मिळाली २०१८ साली. त्याच सांगली जिल्ह्यातील सचिन खिलारी याने पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये गोळाफेकीत रौप्यपदक जिंकले तेव्हा पेटकरांच्या पदकाला ५२ वर्षे झाली होती.

गिरणगावाकडे येऊ. सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी येथून गिरणीत कामाला आलेला तरुण गावाहून येताना तालमीची सवय आणि हुतूतू घेऊन आला. चाळीच्या खोलीत दहा-बारा जणांनी पाळीपाळीने झोपावयाचे, पाळी सुटली की चौकात उतरावयाचे. कुस्तीला आखाडा, माती, खुराक लागतो. हुतूतूला चार रेषा आखल्या की पुरे. त्यामुळे गावचा मल्ल मुंबईत कबड्डीपटू झाला. गिरण्या आणि कारखाने चांगल्या चढाईपटूला नोकरी देत, आपल्या संघात घेत. १९५३ च्या कायद्यान्वये उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाने या कामगारांच्या स्पर्धा भरविल्या. दादरचा विजय क्लब, अमरहिंद मंडळ, महिलांचा शिवशक्ती संघ ही नावे कबड्डीच्या जाणकारांना आजही सांगावी लागत नाहीत.

या मंडळांच्या खेळाला आशियाच्या पटावर नेण्याचे श्रेय ज्यांना जाते त्यांत शंकरराव ऊर्फ बुवा साळवी यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. १५ जुलै हा त्यांचा जन्मदिवस महाराष्ट्रात कबड्डीदिन म्हणून पाळला जातो. नियम एकसारखे करणे, महासंघ उभारणे, इतर देशांना खेळ शिकविणे हे काम वर्षानुवर्षे, फारसा गाजावाजा न होता चालले. १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत कबड्डी प्रदर्शनीय खेळ म्हणून दाखविली गेली आणि १९९० साली बीजिंगला तिला पदकाचा दर्जा मिळाला. त्या स्पर्धेत भारताला एकच सुवर्णपदक मिळाले आणि ते कबड्डीचे होते. मुंबईचे अशोक शिंदे त्या संघात होते. ज्या खेळाला शहरातील सुशिक्षित वर्ग चाळीतला दंगा समजत असे, त्यानेच त्या वर्षी देशाची लाज राखली.

मात्र बीजिंगचे सुवर्ण आले तेव्हा ज्या भूमीवर हा खेळ वाढला तिचा पाया हलला होता. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि त्यांच्याबरोबर खेळाडूची नोकरी, मंडळाची वर्गणी आणि संध्याकाळचा प्रेक्षकही गेला. पुरुषांच्या भारतीय संघाने १९९० पासून २०१४ पर्यंत सलग सात आशियाई सुवर्णपदके जिंकली, परंतु त्या संघातील नावे हळूहळू हरियाणा, राजस्थान, उत्तर प्रदेशाची होत गेली. मातीची जागा मॅटने घेतली होती. मॅट विकत घ्यावी लागते आणि ती अंथरावयास छप्पर असलेली जागा लागते. चाळीच्या चौकात दोन्ही नव्हते.

याच पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला, गिरगावात, त्या वर्षांत एक अगदी वेगळी गोष्ट घडत होती. ‘नवाकाळ’चे संपादक नीळकंठ खाडिलकर यांच्या तीन मुली वासंती, जयश्री व रोहिणी बुद्धिबळ खेळत. राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धा १९७४ साली प्रथमच भरली आणि ती वासंतीने जिंकली. पुढे सुमारे दहा वर्षे हे अजिंक्यपद या तिघींच्या घराबाहेर गेलेच नाही. जयश्री १९७९ साली महिला आंतरराष्ट्रीय मास्टर झाली. रोहिणी १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, तेव्हा ती तेरा वर्षांची होती. त्यावर वाद उठला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि अखेर जागतिक बुद्धिबळ संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी निर्णय दिला की राष्ट्रीय व आंतरराष्ट्रीय स्पर्धांतून स्त्रियांना वगळता येणार नाही. त्याच रोहिणीने १९८१ साली हैदराबाद येथे आणि १९८३ साली क्वालालंपूर येथे आशियाई महिला अजिंक्यपद मिळविले.

गिरगावच्या घरात पट मांडावयास मैदान लागले नाही. लागला तो मुलींच्या खेळाला खेळ समजणारा बाप. (कॅरमही असाच चाळीच्या गॅलरीत वाढला आणि मुंबईच्या प्रशांत मोरेने त्यात विश्वविजेतेपद मिळविले, परंतु त्याला पदकांच्या सरकारी यादीत फारसे कोणी मोजत नाही.) बुद्धिबळातील पुढची नावे मात्र गिरगावबाहेरची आहेत. सांगलीच्या भाग्यश्री साठे-ठिपसे यांनी १९९१ साली आशियाई अजिंक्यपद मिळविले. २०२४ च्या बुडापेस्ट ऑलिंपियाडमध्ये भारताने दोन्ही सांघिक सुवर्णपदके जिंकली तेव्हा पुरुष संघात नाशिकचा विदित गुजराथी होता, महिला संघात नागपूरची दिव्या देशमुख होती आणि महिला संघाचे न खेळणारे कर्णधार पुण्याचे अभिजित कुंटे होते. २०२५ च्या जुलैमध्ये दिव्याने बाटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला आणि त्याच विजयाने ती ग्रँडमास्टर झाली.

आता दादरचा तो धागा. दादरच्या कीर्ती महाविद्यालयाची ख्याती सामान्य मुंबईकराच्या लेखी बाहेरच्या वडापावमुळे असेल. एका मुलीने मात्र ते महाविद्यालय तेथील एन.सी.सी.साठी निवडले. ती म्हणजे अंजली वेदपाठक, नंतरच्या अंजली भागवत. १९८८ साली महाराष्ट्र रायफल असोसिएशनमध्ये त्या दाखल झाल्या आणि बंदूक हाती घेतल्यापासून आठवडाभरात राष्ट्रीय स्पर्धेत राज्याच्या संघातून रौप्यपदक मिळवून आल्या. वरळीच्या रेंजवर त्यांना संजय चक्रवर्ती हे प्रशिक्षक लाभले. २००० साली सिडनी ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत त्या पोहोचल्या. २००२ साली मँचेस्टरच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी चार सुवर्णपदके जिंकली आणि त्याच वर्षी म्युनिक येथे ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ हा किताब मिळविला.

चक्रवर्ती यांच्या हाताखाली आणखी दोन नेमबाज तयार झाल्या. सुमा शिरूर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अंतिम फेरीत खेळल्या. पुढे प्रशिक्षक झाल्या आणि त्यांच्या शिष्येने, राजस्थानच्या अवनी लेखराने, टोकियो व पॅरिस अशा दोन पॅरालिंपिक स्पर्धांत सुवर्णपदके जिंकली. दुसऱ्या दीपाली देशपांडे. त्याही अथेन्सला गेल्या होत्या. पदक मिळाले नाही. त्याच दीपाली देशपांडे स्वप्नील कुसाळेच्या प्रशिक्षक. २०२४ या वर्षासाठी त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. चक्रवर्ती यांचे २०२१ साली करोनाच्या साथीत निधन झाले. पॅरिसचा दिवस त्यांना पाहावयास मिळाला नाही.

तेव्हा पॅरिसचे कांस्यपदक पूर्णतः कोल्हापूरचे की मुंबईचे, हा वाद निरर्थक आहे. राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीत वडील शिक्षक, आई गावची सरपंच. मुलगा राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि नाशिकच्या केंद्रात नेमबाजी शिकला. २०१५ साली त्याला मध्य रेल्वेत तिकीट तपासनिसाची नोकरी मिळाली. प्रशिक्षण मुंबईच्या परंपरेतील गुरूकडून झाले. खर्डेकरांच्या गहाण घरापासून क्रीडा प्रबोधिनीच्या वसतिगृहापर्यंत हा जो पल्ला आहे, तो मोजला तर बहात्तर वर्षे अगदीच वाया गेली असे म्हणता येणार नाही. फार सावकाश गेली, एवढे खरे.

गेल्या पंधरा वर्षांतील नावे पाहिली तर ओघाची दिशा स्पष्ट दिसते. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० साली म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेत्या झाल्या. कोल्हापूरच्याच वीरधवल खाडेने त्या वर्षी ग्वांगझू आशियाई स्पर्धेत पोहण्याचे कांस्यपदक मिळविले. भारताला त्या खेळात असे पदक चोवीस वर्षांनी मिळत होते. नाशिकच्या कविता राऊत हिने त्याच स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात रौप्य, तर साताऱ्याच्या ललिता बाबर हिने २०१४ साली इंचिऑनला स्टीपलचेसचे कांस्य जिंकले. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ २०१८ च्या जकार्ता स्पर्धेत नौकानयनाच्या सुवर्ण संघात होता. दुष्काळी टापूतील मुलाने पाण्यावरचा खेळ जिंकावा, हा योग विलक्षणच.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातील मांडव्याचा अविनाश साबळे सैन्यात गेला आणि धावपटू झाला. ३,००० मीटर स्टीपलचेसमध्ये राष्ट्रकुल स्पर्धेतील सर्व पदके १९९८ पासून केनियाकडेच जात होती. २०२२ साली बर्मिंगहॅमला साबळेने ८ मिनिटे ११.२० सेकंदांची वेळ देऊन रौप्य घेतले. सुवर्ण अवघ्या पाच शतांश सेकंदांनी हुकले. २०२३ साली हांगझू येथे त्याने आशियाई सुवर्ण मिळविले. त्याच वर्षी बर्लिनला नागपूरचा ओजस देवतळे आणि साताऱ्याची सतरा वर्षांची आदिती स्वामी हे दोघे तिरंदाजीत विश्वविजेते झाले. हांगझूला ओजसने तीन सुवर्णपदके जिंकली, आणि त्याच्या सुवर्ण संघात बुलढाण्याचा प्रथमेश जावकर होता. २०२५ च्या जानेवारीत खो-खोचा पहिला विश्वचषक दिल्लीला झाला. भारताच्या दोन्ही संघांनी तो जिंकला आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे, महाराष्ट्राचे होते.

या यादीत शाळा, वसतिगृह, सैन्य, रेल्वे, महसूल, पोलीस या शब्दांची आवृत्ती वारंवार होते. ललिता बाबर महसूल सेवेत आणि राहुल आवारे पोलीस सेवेत आले. पूर्वी गिरणीचा मालक जे करी ते आता शासन आणि सार्वजनिक उपक्रम करीत आहेत. गिरणगावात जे एका पगारपत्रकावर जमत होते ते जिल्ह्यात जमवावयास अनेक खात्यांची सही लागते, आणि म्हणून प्रत्येक खात्यातील एका टेबलावर एखाद्या खेळाडूचे भवितव्य पडून असते. प्रशिक्षण रजेचा अर्ज, स्पर्धेच्या कालावधीतील उपस्थिती, पारितोषिकाची रक्कम: कागद किरकोळ दिसतो. पंचविशीतल्या धावपटूला मात्र दोन वर्षांचा विलंब म्हणजे संपूर्ण कारकीर्द.

तर मग मध्य मुंबईचे काय? तेथील झरा आटला काय? लोअर परळच्या सोनाली शिंगटे हिचा वृत्तांत याचे उत्तर देतो. वडील सुरक्षारक्षक, आई खानावळ चालविणारी. मुलगी कबड्डी खेळू लागली आणि पुढे पश्चिम रेल्वेत गेली. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ती भारतीय संघात होती. पुरुषांचा संघ उपांत्य फेरीत इराणकडून हरला आणि सात सुवर्णांची मालिका तुटली. महिलांच्या अंतिम सामन्यातही इराणनेच भारताचा २७-२४ असा पराभव केला. त्या इराणी संघाच्या प्रशिक्षक होत्या नाशिकच्या शैलजा जैन. आपल्या मातीतला खेळ, आपल्याच मातीतली शिक्षिका, आणि सुवर्ण दुसऱ्याचे! शैलजाताईंना दोष देण्याचे काही कारण नाही. त्यांनी आपले काम चोख केले. ज्यांनी त्यांना येथे काम दिले नाही त्यांनी विचार करावा.

पाच वर्षांनी, ७ ऑक्टोबर २०२३ रोजी, हांगझू येथे भारतीय महिलांनी चायनीज तैपेईला २६-२५ असे एका गुणाने हरविले. त्या संघात सोनाली होती आणि पुण्याची स्नेहल शिंदे होती. त्या आशियाई स्पर्धेतील भारताचे ते शंभरावे पदक. पुरुषांच्या सुवर्ण संघातही अहमदनगर जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि नाशिकचा आकाश शिंदे ही दोन मराठी नावे परतली होती.

ज्या लोअर परळातून सोनाली आली तेथे मैदान शोधावे लागते, ही वस्तुस्थिती आहे. गिरण्यांच्या जागेबाबत १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत कलम ५८ घालण्यात आले. जागेचा एक तृतीयांश भाग खुल्या जागेसाठी, एक तृतीयांश सार्वजनिक घरबांधणीसाठी आणि उरलेला मालकाकडे, असे त्याचे सर्वसाधारण सूत्र होते. २००१ मध्ये त्यात दुरुस्ती झाली आणि ही वाटणी गिरणीच्या आवारातील केवळ मोकळ्या जमिनीपुरती राहिली. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. कायद्याच्या दृष्टीने तो प्रश्न मिटला. खेळाच्या दृष्टीने पाहता, गिरणगावाच्या वाट्याला येऊ शकणारी क्रीडांगणे त्या दुरुस्तीबरोबर पुष्कळच कमी झाली, हे सांगणे भाग आहे. जिल्ह्यांच्या ठिकाणी आज हीच वेळ येऊ घातली आहे. गावठाण वाढते, शाळेच्या मैदानावरून रस्ता काढण्याची सूचना येते, बाजारासाठी ‘तात्पुरती’ जागा मागितली जाते. ग्रामपंचायतीच्या सभेत असा ठराव मांडला जातो तेव्हा तो बहुधा कोणी वाईट हेतूने मांडीत नाही, आणि म्हणूनच तो सहज मंजूर होतो.

जागा थोडी असली तरी काय करता येते हे पाहावयाचे असेल तर दादरला शिवाजी पार्कवर जावे. तेथील श्री समर्थ व्यायाम मंदिर १९२५ साली स्थापन झाले. क्रिकेटच्या जाळ्यांच्या कोलाहलाशेजारी तेथे मल्लखांब शिकविला जातो. सीमाशुल्क खात्यात नोकरी करून उदय देशपांडे यांनी हे काम केले. देशोदेशीचे विद्यार्थी त्यांच्याकडे शिकून गेले. २०१९ च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच शिवाजी पार्कवर भरली. समर्थची हिमानी परब हिला २०२१ साली अर्जुन पुरस्कार मिळाला आणि देशपांडे यांना २०२४ साली पद्मश्री. मल्लखांब ऑलिंपिकमध्ये नाही, आशियाई स्पर्धेतही नाही. संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास शाळा सुटलेली मुले दप्तरे भिंतीला टेकवून रांगेत उभी राहतात आणि खांबाला एरंडेल लावून एकेक जण चढू लागतो.